लक्ष्मीबाई टिळक आणि परक्याचा पाहुणचार

खर्डी सोडून गाडी कसाऱ्याकडे चालली म्हणजे मध्ये उंबरमाळी हे लहानसे ठिकाण लागते. एका बाजूस लोहमार्ग, जवळून गेलेला नाशिकचा मोठा रस्ता, पुढे थळ घाटाची चढण आणि भोवती सागाचे रान. गेल्या उन्हाळ्यात काही कामानिमित्त आमचे तेथे उतरणे झाले. काम आटोपून परतताना तहानेने जीव कासावीस झाला, म्हणून वाटेवरील एका पाड्यावर आम्ही पाणी मागितले. घरातील बाईने तांब्या दोन वेळा घासून धुतला, भरला आणि दारात येऊन ती थबकली. आपल्या हातचे पाणी आम्हांस चालेल काय, असे तिने अगदी हलक्या आवाजात विचारले. आमचे नाव, गाव, जात ह्यांपैकी काहीही तिने विचारले नाही. विचारले ते फक्त स्वतःविषयी.

ज्या शहापूर तालुक्यातून तानशाचे पाणी 1892 पासून मुंबईस जात आहे, आणि पुढे वैतरणा व भातसा ह्यांचेही जाऊ लागले, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर वैशाखात बायकांना हंडाभर पाण्यासाठी कोस-कोस चालावे लागते, अथवा टँकरची वाट पाहत बसावे लागते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. असे कष्टाने आणलेले पाणी अनोळखी मनुष्यास देताना त्या बाईस पाण्याची काळजी वाटली नाही. आपल्या हाताची वाटली. आम्ही पाणी प्यालो, आभार मानले आणि गाडीत येऊन बसलो; परंतु त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. हीच बाई उद्या आमच्या गावात चार दिवसांचा आसरा मागावयास आली, तर आम्ही तिला काय विचारू? आणि ती जे विचारण्याचे विसरली, तेच आम्ही सर्वांच्या आधी विचारणार नाही काय?

ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस कै. लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या चरित्राची आठवण झाली. त्यांचे स्मृतिचित्रे हे पुस्तक पुष्कळांनी वाचलेले आहे आणि त्यातील विनोदावर लोक खूष असतात. परंतु परक्या मनुष्यास घरात घेणे म्हणजे काय, त्याची किंमत काय पडते आणि ती कोण भरते, ह्या दृष्टीने ते चरित्र फारसे कोणी पाहत नाही. आज आम्ही ते त्या दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या मातुल आजोबांस, जोगळेकरांस, 1857 च्या बंडात सामील असल्याच्या आरोपावरून फाशी देण्यात आले होते. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोवळ्याचे जे वेड लागले, ते जन्मभर सुटले नाही. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात यावयाचा नाही. मीठसुद्धा ह्या नियमातून सुटत नसे. घरातील बायकामुलांचा दिवस धुणे, वाळविणे आणि शिवाशीव सांभाळणे ह्यांतच सरत असे. मीठ धुतले म्हणजे उरते काय, हे सांगावयास नको. ज्या घरात बाहेरच्या मिठाचीही भीती, त्या घरात बाहेरच्या मनुष्याची काय कथा! आम्हांस येथे कोणाच्या वडिलांची थट्टा करावयाची नाही. भयाने पछाडलेला तो मनुष्य होता, आणि आपल्या समाजाने त्याच्या भयाला धर्माचे नाव दिले होते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी मनकर्णिकेचे लग्न होऊन ती लक्ष्मी टिळक झाली. पती नारायण वामन टिळक. हे लोकमान्य टिळक नव्हेत. पुढे ख्रिस्ती कवी म्हणून महाराष्ट्रात गाजलेले रेव्हरंड टिळक ते हेच. त्यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला असला, तरी बालपणातील काही वर्षे कल्याणास गेली. आणि लक्ष्मीबाईंच्या आरंभीच्या संसाराच्या आठवणींत मुरबाडचेही नाव येते. म्हणजे ही कथा आपल्या मुलखास अगदीच परकी नाही. नाशिकची ती मुलगी सासरच्या मुलखात उतरली, ती ज्या घाटाच्या पायथ्याशी उंबरमाळी आहे त्याच बाजूच्या देशात.

टिळकांचा स्वभाव अत्यंत उदार, अत्यंत भावनाशील आणि तितकाच बेभरवशाचा. हातात पैसा आला की दुसऱ्याच्या हातात गेला. वाटेत जो भेटेल त्यास जेवावयाचे निमंत्रण. घरात पीठ आहे की नाही ह्याची चौकशी नाही. मनात आले की नोकरी सोडली. मनात आले की गाव सोडले. बायकोस माहेरी अथवा नातलगांकडे ठेवून आपण कोठे तरी निघून जावे, असेही अनेकदा घडले. काही अपत्ये तान्ह्या वयातच गेली. अशा संसारात पाहुणा आला म्हणजे यजमानाच्या मुखावर आनंद आणि यजमानिणीच्या पोटात गोळा, असा प्रकार असे. ही गोष्ट आम्ही मुद्दाम येथे नमूद करून ठेवीत आहो. तिच्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

टिळकांच्या मनास ख्रिस्ती धर्माची ओढ लागली तीही एका परक्याच्या सौजन्यामुळे. राजनांदगावाकडे जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. ज्या काळी गोऱ्या प्रवाशाने नेटिव प्रवाशास डब्यातून उठवून लावावे हे नेहमीचेच होते, त्या काळी ह्या गृहस्थाने टिळकांस आदराने जागा दिली, कवितेवर व धर्मावर गोष्टी केल्या आणि उतरताना नव्या कराराचे पुस्तक त्यांच्या हाती ठेवले. पुढे पुष्कळ वाचन, वादविवाद आणि मनस्ताप होऊन 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने वज्राघात झाला. नवरा जिवंत आणि संसार मेलेला, अशी त्यांची दशा झाली. जीव देण्यापर्यंत मजल गेली. लहानगा दत्तू बरोबर घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी राहिल्या. ह्या नातलगांनी त्यांस टाकले नाही, ही गोष्ट त्यांच्या लौकिकास साजेशी आहे. बाटग्याची बायको म्हणून लोक बोटे दाखवीत असता तिला घरात ठेवून घेणे, हाही त्या काळी लहान धीर नव्हता. पाहुणचार ही कोणा एका धर्माची मिरासदारी नव्हे. लक्ष्मीबाईंस तो आधी आपल्याच माणसांत मिळाला.

सुमारे चार-साडेचार वर्षांच्या ताटातुटीनंतर ही पतिपत्नी अहमदनगरास पुन्हा एकत्र आली. आणि येथेच ह्या चरित्रातील एक मोठा प्रसंग आहे. लक्ष्मीबाई आल्या त्या ख्रिस्ती होण्याकरिता आल्या नाहीत. पतीजवळ राहावयाचे, पण चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे आपले आपण सांभाळावयाचे, अशा निश्चयाने त्या आल्या. आणि टिळकांनी काय केले? स्वतः जातिभेद टाकून दिलेल्या त्या मनुष्याने बायकोच्या सोवळ्याची सोय लावून दिली. तिच्या पाण्यास आपला हात लागू नये ह्याची खबरदारी त्यांनी घेतली. धर्मांतरासाठी बळजबरी नाही, टोमणा नाही, उपवासाची पाळी आणणे नाही. ज्या धर्माने परक्यास घरात घ्यावयास सांगितले, त्या धर्माचा पहिला धडा टिळकांनी आपल्याच घरात गिरविला; कारण त्या दिवशी त्यांच्या दारात आलेली सर्वांत परकी व्यक्ती म्हणजे त्यांची स्वतःची बायको होती. पाहुण्यास आपल्यासारखे करून मग घरात घेणे हा पाहुणचार नव्हे. तो जसा आहे तसा त्यास जागा देणे हाच पाहुणचार होय.

परंतु निराळ्या चुलीच्या आड बसूनही लक्ष्मीबाईंचे डोळे बंद नव्हते. भोवती नाना जातींतून आलेली माणसे होती. ज्यांची सावली माहेरी चालली नसती अशी ती माणसे त्यांच्या दुखण्याखुपण्यात धावून येत होती, त्यांच्या मुलास खेळवीत होती. एके दिवशी ह्या बाईने आपल्याशीच विचार आरंभिला. पशुपक्ष्यांत ईश्वराने भेद केले ते डोळ्यांस दिसतात. गाय आणि घोडा ओळखावयास कोणी सांगावे लागत नाही. मग मनुष्यामनुष्यांतील जात जर त्यानेच केली असती, तर तिचीही खूण अंगावर नसती काय? खूण नाही, अर्थी ती मनुष्यांनी केलेली आहे; आणि मनुष्यांनी केलेली आहे, तर मनुष्याने मोडावी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीपाशी अक्षरओळख शिकलेल्या एका बाईने हा सिद्धांत एकटीने बसून लावला. मोठमोठ्या सभांत ठराव पास करणाऱ्यांस जे साधले नाही ते तिने केले. त्याच दिवसापासून कोणाही मनुष्याच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा तिने निश्चय केला.

आमच्या तरुण वाचकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आज आगगाडीत, उपाहारगृहात कोण कोणाच्या हातचे खातो हे पाहावयास कोणास सवड आहे? परंतु ज्या मुलीच्या बापाने मीठ धुऊन घेतले, तिने परजातीच्या मनुष्याच्या हातचा पेला ओठांस लावणे म्हणजे काय, ह्याची कल्पना करावी. बुद्धीस पटले तरी जीभ आणि घसा लागलेच मान्य करीत नाहीत. लहानपणापासून अंगात मुरलेली किळस ही युक्तिवादाने निघत नाही. ती प्रत्यक्ष घोट घेऊनच घालवावी लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लक्ष्मीबाईंनी आधी जात टाकली व मग बाप्तिस्मा घेतला. 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या, तेव्हा आतील उंबरठा त्यांनी पूर्वीच ओलांडलेला होता.

तो काळ मोठा कठीण होता. 1899-1900 च्या दुष्काळाने अहमदनगर जिल्हा होरपळून निघाला होता. गावेच्या गावे पोट भरावयास बाहेर पडली. आईबाप वाटेत मेले आणि पोरे रस्त्यावर राहिली. अमेरिकन मराठी मिशनने अशी अनाथ मुले सांभाळण्याचे काम हाती घेतले होते आणि टिळक त्या कामात होते. टिळकांचे घर राहुरीस असता, आणि पुढे अहमदनगरास असता, दार कधी बंद म्हणून नसे. पोरकी मुले, टाकलेल्या बायका, नोकरी गेलेले शिक्षक, वाट चुकलेले विद्यार्थी, जातीतून बाहेर टाकलेली माणसे, कवी आणि वेडे, ह्या सर्वांस त्या घरात पान मिळे. प्लेगचा काळ आला तेव्हा, रोग्याची सख्खी माणसेही दूर पळत असता, लक्ष्मीबाई आजारी मुलांपाशी राहिल्या आणि त्यांची शुश्रूषा केली. शिवाशिवीच्या भयात वाढलेली मुलगी शेवटी अशा ठिकाणी पोहोचली, की जेथे शिवण्यात खरोखरच मरण होते. आणि तेथे ती शिवली.

ह्यामागे जी श्रद्धा होती तिचे स्वरूप वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताने न्यायाच्या दिवसाचे जे वर्णन केले आहे, त्यात मनुष्यास तू किती प्रार्थना केलीस असे विचारलेले नाही. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र दिलेस काय, परक्यास घरात घेतलेस काय, असे विचारलेले आहे. आणि त्या परक्याच्या रूपाने मीच आलो होतो, असे ख्रिस्त म्हणतो. अतिथीस देव मानावा ही शिकवण आपल्याकडेही फार प्राचीन आहे. वैश्वदेव झाल्यावर दारात जाऊन अतिथीची वाट पाहावी, असे आपले आचारग्रंथ सांगतात. मग भेद कोठे पडला? भेद पडला तो पंक्तीत. आम्ही अतिथीस देव म्हटले, आणि तो आला म्हणजे देवासच त्याची जात विचारली. देवास ओसरीवर बसविले, देवास निराळा पेला ठेवला आणि देव उठून गेल्यावर जागा शिंपून घेतली.

ह्यावरून ख्रिस्ती समाज ह्या दोषापासून मुक्त होता असे मात्र कोणी समजू नये. बाप्तिस्मा घेऊनही जात मनात बाळगणारी माणसे त्या समाजात होती, आणि ठिकठिकाणच्या मंडळ्यांत पूर्वीच्या जातींप्रमाणे तट पडलेले होते. लक्ष्मीबाईंची थोरवी त्या ख्रिस्ती झाल्या ह्यात नाही. जे वचन सर्वांनीच वाचले होते, ते त्यांनी आपल्या चुलीपर्यंत नेले, ह्यात आहे.

येथे आमचे कित्येक वाचक एक शंका काढतील. मिशनऱ्यांचा पाहुणचार हे धर्म बाटविण्याचे आमिष नव्हे काय? शंका काढणे गैर नाही. अन्नाच्या मोबदल्यात श्रद्धा मागणारे लोक सर्व पंथांत सापडतात, आणि असला पाहुणचार हा पाहुणचार नसून व्यापार होय. परंतु टिळकांच्या घरापुरते उत्तर पाहिजे असेल तर ते बालकवींच्या चरित्रात आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या मुलास 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळाली. पुढे हा गरीब ब्राह्मणाचा मुलगा अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिला. त्याच्या लहरी, त्याचे रुसवे, त्याचा हळवा जीव हे सर्व लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखे सोसले. 1918 साली आगगाडीखाली सापडून ऐन तारुण्यात त्याचा अंत झाला. तो टिळकांच्या घरी हिंदू म्हणून आला आणि मरेपर्यंत हिंदूच राहिला. त्याच्याकडून काही घ्यावयाचे असते तर त्या घराने संधी घालविली असेच म्हणावे लागेल. मराठी कवितेचे मात्र त्यात नुकसान झाले नाही.

आता आम्ही मघाशी बाजूस ठेवलेली गोष्ट हाती घेतो. टिळकांच्या औदार्याची वर्णने पुष्कळ झाली. परंतु त्या औदार्याचे देणे कोणी भागविले? पाहुणा टिळकांनी बोलवावा आणि पीठ लक्ष्मीबाईंनी उसने आणावे. दान टिळकांनी करावे आणि वाण्याची बाकी लक्ष्मीबाईंनी ऐकून घ्यावी, असे त्या घरात वारंवार घडले. ह्यावरून त्या नवऱ्याशी भांडल्या, रागावल्या, हसल्या, आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसल्या. आपल्या पुस्तकात त्यांनी हे काहीही झाकून ठेवलेले नाही. पतीस देव करून मखरात बसविले नाही आणि स्वतःस साध्वी म्हणवून घेतले नाही. आमच्या मते हा त्या पुस्तकातील सर्वांत मोठा उपदेश होय. पुरुषाने ओसरीवर बसून या बसा म्हणणे हा पाहुणचाराचा फार तर चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से धुरात, उष्ट्या भांड्यांत आणि रात्री उशिरा उरलेल्या भाकरीत असतात. ज्या गृहस्थास अतिथिधर्म पाळावयाचा असेल त्याने आधी घरातील बाईस विचारावे आणि मग आपण उठून पाणी भरावे. दुसऱ्याच्या कष्टावर केलेले पुण्य हे उधारीवर केलेले पुण्य आहे, आणि उधारीचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस शिकविण्याचे कारण नाही.

टिळकांस शेवटी हे उमगले असावे. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास देवाचा दरबार ही मंडळी स्थापन केली. बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येता यावे, असा तिचा हेतू होता. म्हणजे आपल्या घरात जे चालले होते तेच त्यांस समाजात आणावयाचे होते. परंतु आयुष्य पुरले नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

लक्ष्मीबाईंचे पन्नाशीनंतरचे आयुष्य हे परक्याच्या दारात जाऊन राहण्याचे आयुष्य झाले. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात त्यांनी काम केले. मुलगा देवदत्त ह्याच्या संसाराबरोबर त्या कराचीस गेल्या. भाषा निराळी, माणसे निराळी. तरीही त्या बाईने तेथे आपली माणसे जोडली. जी जन्मभर यजमानीण होती तिला पाहुणी होणे जड गेले नाही, कारण पाहुण्याचे मन तिला पाठ होते. टिळकांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभून दहा-साडेदहा अध्यायांवर सोडले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून ते तडीस नेले. स्मृतिचित्रे 1934 पासून पुस्तकरूपाने निघू लागले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. जेथे मीठ धुतले जात होते त्या जलालपुरापासून हे नाशिक काही फार लांब नाही. पण त्या दोहोंमधील प्रवास मात्र फार लांबचा झाला.

हे चरित्र सांगून आम्हांस कोणास ख्रिस्ती व्हावयास सांगावयाचे नाही. ज्यास जो धर्म आहे तो त्याने नीट पाळला तरी पुरे. आमचे म्हणणे आपल्या गावापुरते आहे. शहापूर, आसनगाव, मुरबाड, कल्याण येथील आमच्या व्यापारी बंधूंच्या दारापुढून रोज शेकडो परकी माणसे जातात. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. परप्रांतांतील मजूर, नव्याने बदलून आलेले शिक्षक, परिचारिका, शिकावयास आलेल्या मुली ह्या सर्वांस डोक्यावर छप्पर पाहिजे असते. खोली रिकामी असते, भाडे ठरते, आणि मग हळूच आडनाव विचारले जाते. आडनावाने समाधान न झाल्यास गाव, गावाने न झाल्यास मटणमासे खाता काय. आणि शेवटी खोली दुसऱ्यास दिली असे सांगण्यात येते. अस्पृश्यता कायद्याने गेली त्यास पाऊणशे वर्षे होत आली. ती ओसरीवरून उठली आणि भाडेचिठ्ठीच्या पाठीमागे जाऊन बसली.

परक्यावर विश्वास कसा टाकावा, चोरीमारी झाल्यास काय करावे, हे व्यवहारी प्रश्न आहेत आणि आम्ही ते हसण्यावारी नेत नाही. ओळखपत्र पाहावे, धंदा विचारावा, पोलिसांत नोंद करावी, अनामत घ्यावी. ह्यांपैकी कशासही आमची हरकत नाही. सावधपणा हा सद्गुण आहे. परंतु चोर कोण हे जातीवरून कळत असते, तर आपल्याच जातभाईंनी बुडविलेल्या रकमा आमच्या वह्यांत दिसल्या नसत्या. सावधपणाची चौकशी सर्वांस सारखी असते. ज्या चौकशीचा काटा जातीपाशी येऊन थांबतो ती चौकशी सावधपणाची नव्हे, जुन्या सोवळ्याची आहे. तेच मीठ अजून धुतले जात आहे, इतकेच.

म्हणून आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. ज्याची खोली भाड्याने द्यावयाची आहे त्याने आडनाव भाड्याच्या बोलण्यात काढू नये. ज्याच्या दुकानापुढे पाणपोई आहे त्याने तेथे पेला एकच ठेवावा आणि दिवसातून एकदा त्याच पेल्याने आपण पाणी प्यावे. ज्याच्या घरी कामास बाई येते त्याने तिचा कप फडताळात निराळा ठेवला आहे काय, ते आज संध्याकाळी पाहावे. सणावारी एक पान अशा मनुष्याचे मांडावे की ज्याला आपण बोलावू असे त्यास स्वप्नातही वाटले नसेल. आणि त्या दिवशी घरातील पुरुषांनी भांडी घासावीत. ह्यात खर्च थोडा आहे. लागेल तो धीर, आणि तोही एका घोटापुरता.

उंबरमाळीच्या त्या बाईस आम्ही पाणी चालेल म्हणून उत्तर दिले, परंतु तिचा प्रश्न चुकीचा आहे, असे तिला सांगावयाचे राहून गेले. प्रश्न आमचा होता. आपण दिलेले पाणी घेण्यास आम्ही लायक आहो काय, असे आम्ही तिला विचारावयास पाहिजे होते. लक्ष्मीबाईंनी हा प्रश्न स्वतःस विचारला आणि त्याचे उत्तर पिऊन दाखविले. घाटाच्या ह्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां सर्वांस तो अजून विचारावयाचा आहे; आणि तो आपल्या उंबरठ्यावर विचारला जाईल तोपर्यंत त्या पाड्यावरील तांब्या दोन-दोनदा घासला जाईल, ह्याची लाज आम्हांस वाटली पाहिजे.